एक बोट आखूड

त्या शुक्रवारी कापड संपलं.
म्हापशाच्या बाजारात, चोरिसाच्या माळांमागे
माझं दुकान: एक मशीन, एक टेबल,
कुणी पान न उलटलेलं कॅलेंडर.
ऑर्तेन्स कुलासो आली होती,
केसांत पेन्सिल, पायांत नवऱ्याच्या चपला.
रात्रीच्या बसने ड्रेस मुंबईला जायचा होता
आणि डाव्या बाहीला कापड एक बोट कमी.

म्हटलं, जोड देतो, कफ लावतो.
तिने हात दिव्यासमोर धरला,
मनगटाचं हाड बघितलं, बराच वेळ.
"राहू दे अल्फायत," म्हणाली,
"हाडाला जरा वारं लागू दे."

रंगाचंही तसंच.
मासिकांनी त्याला नावं दिली: हस्तिदंती, शिंपला, ओहोटीची वाळू.
माझ्या बायकोने कापड पेजेच्या निवळीत बुडवलं होतं,
खळ संपली होती म्हणून.

मग मी बघत गेलो.
आधी नट्यांच्या बाह्या, मग नवऱ्या मुलींच्या.
आसगावला दुकान निघालं,
एवढ्या मोठ्या खोलीत तीनच कपडे
आणि तांब्याचं एक भाण, रिकामं, उजेडात ठेवलेलं.
किमतीची चिठ्ठी कुठे नाही.
मी भाव विचारला.
त्यांनी मला पाणी दिलं, पुदिन्याचं पान घालून.

पुढे ती बाही घरांत शिरली.
पडद्याची डावी कड जमिनीपासून एक बोट वर,
सोफ्याचा डावा हात उजव्यापेक्षा बुटका.
कांदोळीच्या हॉटेलात भिंती, उशा,
न्हाणीघरातला टॉवेलसुद्धा पेजेचा.
भाचा दुलबा शिवोलीला सुतारकाम करतो.
गिऱ्हाईक त्याला म्हणतं, कुलासो कट पाहिजे.
"मामा, नेमकं किती?"
मी बोट पुढे करतो,
सुईने टोचून टोचून टोक बोथट झालेलं.
दोन सेंटिमीटर, तो फळीवर लिहून घेतो.

दिल्लीच्या एका बाईंनी मला समजावलं
की हा तोल मुद्दाम ढळवलाय,
त्यात मांडवीची ओहोटी आहे, जुन्या खिडक्या आहेत,
आणखी बरंच होतं.
मी हो हो म्हटलं.
त्यांच्या तोंडी ते इतकं शोभत होतं,
परत कसं मागणार?

माझं पोट शाळेच्या गणवेशांवर.
तिथे दोन्ही बाह्या सारख्या
आणि आत चार बोटं कापड दुमडलेलं,
पोर वाढेल म्हणून.
ते बाहेरून दिसत नाही. आईला ठाऊक असतं.

गेल्या नाताळाआधी ऑर्तेन्स आली.
गाडी चर्चपाशी थांबवून, काठी टेकत.
पिशवीत तोच ड्रेस, पहिला.
"बाही पुरी कर," म्हणाली. "हाडाला गारठा लागतो."

कपाटं उपसली, पेट्या उपसल्या.
ती गिरणी कधीच बंद पडली.
बायको जाऊन सहा वर्षं झाली,
आणि कुकरच्या पेजेवर निवळ धरत नाही.
शेवटी निळ्या गणवेशाची एक पट्टी सापडली,
बरोबर बोटभर.

"जोड लपव," ती म्हणाली.
"लपायचा नाही, बाय."
तिने बाहीत हात घातला,
दिव्यासमोर धरला, त्याच जागी,
निळ्या पट्टीकडे बघत राहिली, बराच वेळ.
ही नजर मी ओळखतो.

घाईघाईने दिवा मालवला मी.
म्हटलं, ऑर्तेन्सबाय,
हा घरातच घाला.