मोजणीदार

माणशी साडेतीनशे, लहानांना अर्धं.
जमायचं गाडीअड्ड्यावर, रात्री साडेनऊला.
पायात बूट हवेत. ते सापांसाठी,
भुतांचं तसं काही म्हणणं नसतं.
प्रत्येकाला एक टॉर्च, काचेवर लाल कागद,
आणि चौघांत मिळून एक मीटर,
वायरजवळ नेला की पिरपिरणारा.
वेंगुर्ल्यात वायरी पुष्कळ.

पहिला थांबा विहीर. तिथला गिऱ्हा खरा,
म्हणजे माझ्या आधीपासूनचा.
दुसरा मुंजा. त्याच्याविषयी मी कमी बोलतो,
त्याच्या घरची माणसं समोरच राहतात.
तिसऱ्या वळणावर चकवा:
मंडळींनीच हात वर करून ठरवायचं, डावी गल्ली की उजवी.
दोन्ही मासळी बाजारातच निघतात.
चिंचवडची एक बाई म्हणाली, इथंच पैसे वसूल.

शेवटी डच वखार.
वखारीला भूत नव्हतं.
एवढी जुनी भिंत, तिच्यात शिरलेला वड, वटवाघळं,
आणि भूत नाही. धंद्याला हे परवडत नाही.
म्हणून एका मे महिन्यात, चहा पिता पिता
मी एक केलं:
मिरी मोजणारा कारकून,
हिशेबात एक दाणा कमी आला म्हणून
रात्रभर बसलेला, अजून बसलेला.
नाव दिलं नाही. डच नावं मला येत नाहीत.
त्याला प्रश्न विचारायचा.
एक ठोका हो, दोन ठोके नाही.
भिंतीमागे नेल्सन, हातात करवंटी.

लग्न जमेल का? ठक्.
बढती? ठक् ठक्.
त्या दिवशी नेल्सनचं पोट बिघडलेलं होतं.

तिसऱ्या हंगामात उंबऱ्यावर
केळीच्या पानावर एक सुका बांगडा दिसला,
शेजारी विडी, न पेटवलेली, आणि काडेपेटी.
मला वाटलं, कुणा गिऱ्हाइकाची मस्करी.
मग एका रात्री मंडळी पांगल्यावर
मी टॉर्च गोळा करत होतो,
तर सत्यवती कुबल आली. माझ्याकडे बघितलंही नाही.
पदर सारखा केला आणि गाऱ्हाणं घातलं:

बा मोजणीदारा,
तू मोजणारो. तुज्या नजरेतसून दाणो चुकना नाय.
माजो झील परवा गेलो.
बंदरातसून होड्यो गेल्यो सात.
येतल्यो तेव्वाय सात मोज.
काय चुकला-माकला तर पदरात घे.
सांग, येतलो मां?

मग ती थांबली. ठोक्यासाठी.
भिंतीमागे नेल्सन होता, करवंटी होती.
मला त्याचा श्वास ऐकू येत होता.
वाजलं काहीच नाही.
तिनं बराच वेळ वाट पाहिली,
मग म्हणाली, "मोजता हा. मोजूंदे,"
आणि गेली.

नेल्सननं करवंटी खाडीत भिरकावली.
उद्यापासून मी नाही, म्हणाला.
का, ते मी विचारलं नाही.

चौथ्या दिवशी होड्या आल्या. सातही.
आता उंबऱ्यावर पानं वाढलीत,
मांडवीच्या, नवाबागच्या बाया येतात,
कुणी सोड्यांची पुडी ठेवते, कुणी चहा, झाकण लावून.
मी सांगू शकलो असतो, काकी, तो मी केलाय,
एका चहावर, फुकटात.
दोनदा तोंड उघडलंही.
पण मग मोजणार कोण?

आता माझी फेरी मासळी बाजारातच संपते.
वखारीचं काय, कुणी विचारलं
तर सांगतो, दुरुस्ती चाललीय.
टॉर्च मोजतो: बारा दिले, बारा आले.
घरी जायचं तर पाय धक्क्याकडे वळतात.

लांब पाण्यावर दिवे. एकमेकांत शिरतात,
लाटेआड विझतात, भलतीकडेच लागतात.
चार. पाच. तो धरला होता का मघाशी?
सहा.
सहा.
दीपगृहाचा झोत फिरून येतो
आणि सगळं पुसून जातो.
पुन्हा पहिल्यापासून.