भाग एकशे बारा

दीड तारा दिला होता मी.
सांजेच्या पेपरात, पान सहा, खालच्या अंगाला.
'बाक नंबर सात', नववी-दहावीतल्या पोरांची मालिका,
दीड वर्ष शहाण्यासारखी बोलत होती
आणि एकशे बाराव्या भागात अचानक
सगळी शाळा गाऊ लागली.

शिपाई गातोय, घंटा गातेय,
भूमितीच्या बाई कर्कटकाने ताल धरताहेत,
नापास झालेला कुणाल डेमसे प्रगतिपुस्तक छातीशी धरून
अंतऱ्यावर अंतरा.
मी लिहिलं, 'या मुलांना रडू येतं तेव्हा
पेटीवाला आधीच तयार बसलेला असतो.'
वाक्य जमलं म्हणून चहा मागवला.

बाकीच्यांनीही सोडलं नाही.
एकाने भेळ म्हटलं, एकाने स्नेहसंमेलन,
एका साप्ताहिकाने धाडस म्हटलं, पण अवतरणात.
मुलुंडहून एका आजोबांचं पत्र आलं,
परीक्षेच्या तोंडावर हे काय शिकवता.
गोरेगावच्या सेटवर, थर्माकोलच्या फळ्यामागे,
आमची कात्रणं डकवली होती म्हणे.

काल बोरिवलीत, बँकेत,
पासबुक छापायच्या यंत्राशी
माझ्या पुढे उभा होता ऑल्विन तुस्कानो.
मी ओळखलं नाही. त्यानेच ओळखलं,
स्तंभावरच्या टिकलीएवढ्या फोटोवरून, एकवीस वर्षांनी.
'मी तो पेटीवाला,' म्हणाला.
आणि यंत्र त्याची पानं कुरकुरत चघळत असताना
माझं परीक्षण त्याने मलाच म्हणून दाखवलं,
स्वल्पविरामांसकट.
कडवटपणा नव्हता. पाठांतर स्पर्धेतल्या मुलासारखा
हात मागे बांधून.

शेवटच्या वाक्याशी थांबला.
तिथेच छापील मजकूर संपत होता.

माझा संपत नव्हता.

अजून एक परिच्छेद होता, साठ-सत्तर शब्दांचा.
सगळे गाऊन दमतात, वाद्यं थांबतात,
आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी,
जिला एकशे अकरा भागांत कुणी एक ओळ दिली नव्हती,
नळापाशी डबा धुताना नुसती गुणगुणते,
अर्धवट, मधेच विसरून, पुन्हा सुरुवातीपासून.
त्यावर मी लिहिलं होतं
की मी टीव्हीचा आवाज वाढवला, मग कमी केला,
आणि उठून स्वयंपाकघरातला नळ बंद करायला गेले.
तो चालूच नव्हता.

रात्री नऊला चष्म्याच्या दुकानाने
जाहिरात दोन इंच वाढवून घेतली.
धुरीने खालून कापलं. खालूनच कापतात.
मी भांडले नाही.
त्या परिच्छेदाखाली दीड तारा शोभला नसता,
आणि तारा बदलायचा तर सगळंच पुन्हा लिहावं लागलं असतं.

हे मी त्याला सांगितलं, वाकडंतिकडं,
मागच्या बाई 'झालं का तुमचं' म्हणेपर्यंत.

'ते गुणगुणणं आमचं नव्हतंच,' तो म्हणाला.
'जेवणाच्या सुट्टीत ती खरोखरच डबा धूत होती.
कॅमेरा चालू राहिला होता.
मी इतकंच म्हटलं, याच्याखाली काही वाजवू नका.'

मग पासबुक उघडून, शाई वाळायला फुंकर मारत,
'छापून आलं असतं तरी काय.
सोमवारी मला काढलंच होतं.
आईला वाचून दाखवता आलं असतं, एवढंच.
पेटीवाल्यापर्यंत दाखवलं मी तिला वाचून.
म्हटलं, बघ, पेपरात आपल्याबद्दल आलंय.
तिला तेवढंही बरं वाटलं.'

यंत्राने माझं पासबुक बाहेर ढकललं,
बारकोड वाचता येत नाही, काउंटरवर भेटा.

त्या मुलीचं नाव काय, मी विचारलं.
त्यालाही आठवेना.
'शेवटी नावं यायची त्यात असेल बघा,' दाराशी जाऊन तो म्हणाला,
'पण ती फार भरभर जायची.'