कंदील खाली सोडताना

हरिपूरला जमिनीखाली हळद झोपायची.
वर शेरडं, बाभळी, वाळत टाकलेली लुगडी,
आणि खाली वीस-पंचवीस फुटांवर
घागरीच्या पोटासारख्या काळोखात
पोत्यापोत्यांची पिवळी सुषुप्ती.
तोंड एवढंसं,
माणूस खांदे चोरून उतरेल इतकं.

माझे वडील त्या तोंडाशी बसायचे.
फरशी सरकवली की लगेच कुणी उतरायचं नाही.
"आधी त्याला श्वास सोडू दे," म्हणायचे,
आणि न पेटवलेली बिडी ओठांत धरून
तासन् तास वाट बघायचे,
जणू आत कुणी वडीलधारं आहे
आणि ते कपडे करून बाहेर येणार आहे.
व्यापारी ओरडायचे, तातोबा, ट्रक थांबलाय!
"समुद्र घुसळला तेव्हाही आधी वीषच वर आलं.
देवांनाही थांबावं लागलं, शेठ."
मग दोरीनं कंदील खाली.
जळत राहिला तर माणूस.
विझला तर उद्या.

एवढं शिक्षण पुरलं असतं.
तरी मी पुण्याला गेले, पदवी आणली,
विश्रामबागेत औषधाच्या दुकानावर दोन खुर्च्या मांडल्या.
जाड पुस्तकांत लिहिलं होतं
मनाला तळघर असतं,
आणि तिथं पुरलेलं कुजत नाही, वाट बघतं.
मला हसू आलं.
ग्रीसमध्ये म्हणे आजारी माणसाला
देवळात नेऊन निजवायचे, स्वप्न पडेपर्यंत.
सकाळी पुजारी विचारायचा, काय दिसलं?
आमच्याकडे कौल लावतात.
देवाच्या खांद्यावरचं फूल
उजवीकडे पडतं का डावीकडे,
अख्खं गाव श्वास धरून बघतं.

श्रीपाल मगदूम फेब्रुवारीत आले.
साखर कारखान्यात वजनकाट्यावर एकतीस वर्षं.
डावा हात रात्री बधिर होतो.
मिरजेचे तीन डॉक्टर झाले.
नसा ठीक, मणके ठीक.
"मग हा हात कुणाचा आहे, बाई?"
एवढं विचारलं
आणि पुढे गप्प.

मी घाई केली. खोटं कशाला सांगू.
तिसऱ्या आठवड्यात आईबद्दल विचारलं,
चौथ्यात स्वप्नांबद्दल.
ते खिडकीतून रिक्षा मोजत बसले.
त्या रात्री मला वडिलांची ती कोरडी बिडी आठवली.
पाचव्या मंगळवारी मीही बोलले नाही.
फरशी सरकवलेली, इतकंच.

सहाव्या मंगळवारी ते म्हणाले,
"विझला होता."

पंखा फिरत होता.
खाली कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं.

"कंदील. मी दहा वर्षांचा.
अण्णानं विचारलं, जळतोय का रे?
जत्रेत पाळणे आले होते.
मला जायचं होतं.
मी म्हणालो, जळतोय."

तेव्हा माझ्याजवळ जे काही होतं,
चित्त, संस्कार, सावली,
पाताळाचे सात मजले आणि त्यांची परदेशी नावं,
सगळं दोरीच्या टोकाला लोंबत राहिलं
विझून.

मी एवढंच विचारलं,
"दोरी कुठल्या हातात होती?"

त्यांनी दोन्ही हात समोर धरले.
बराच वेळ बघितलं,
काट्यावरचा माणूस गाडी उतरल्यावरही
आकडा स्थिर व्हायची वाट बघतो तसं.
मग डावा हात टेबलावर ठेवला,
उताणा.
बोटं हलत होती, अगदी थोडी.

हरिपूरची पेवं पुरात बसली.
आता हळद शीतगृहात असते,
तिथं कंदील लागत नाही.
पेव फुटणं हा वर्तमानपत्रातला वाक्प्रचार उरलाय,
कशाचंही फुटतं हल्ली,
आत कोण होतं ते कुणी विचारत नाही.

"पुढच्या मंगळवारी?" त्यांनी जिन्यातून विचारलं.
या म्हणाले.
ते गेल्यावर
संध्याकाळपर्यंत मी दार लावलं नाही.