एकोणनव्वद

फोन मी घेते. एमिल व्हॅन घेऊन जातो.
तेवीस वर्षं झाली या वाटणीला.
टोलिडोत आमचं आडनाव कुणाला धड म्हणता येत नाही,
सिपोशचं सायपस होतं, कधी नुसतंच मिस्टर एस,
पण मशीन बंद पडलं की नंबर बरोबर सापडतो.

आधी विचारते, कंपनी कुठली, वय किती.
वय विचारलं की माणसं जराशी लाजतात,
बारा म्हणतात,
मागून कुणीतरी ओरडतं, सतरा!
मग मी आकडा सांगते.
दारात पाय ठेवायचे एकोणनव्वद डॉलर.
पार्ट वेगळा, मजुरी वेगळी,
काम आम्हालाच दिलंत तर एकोणनव्वद त्यात धरू.

यानंतर फोनवर जी शांतता येते
ती मला पत्त्यांसारखी ओळखता येते.
एकीत भाड्याची तारीख,
एकीत पोराच्या दातांची तार,
एकीत जीपच्या कारखान्यातली कापलेली पाळी.
"नवऱ्याला विचारून सांगते,"
आणि नवरा शेजारीच खोकताना ऐकू येतो.
एकजण म्हणाला होता, बाई, एवढ्यात माझी अख्खी गाडी आली होती.
कुठल्या साली, मी विचारलं.
ठेवलाच त्याने फोन.

आकड्यात व्हॅनचा इन्शुरन्स आहे,
मॉमी नदीच्या पुलावर बर्फात अडकलेली चाळीस मिनिटं आहेत,
आणि एमिलचा डावा गुडघा,
जो प्रत्येक तळघराची पायरी न् पायरी मोजतो.
हे सगळं सांगत बसले तर एकोणनव्वद स्वस्तच वाटतील.
पण गुडघ्याची पावती कशी फाडायची?

काल साडेतीनला, ओडेसा प्रुइट.
फ्रिज. वय एकोणीस, खरं सांगितलं.
इन्सुलिन खिडकीबाहेर ठेवलंय म्हणाली,
पण रात्री पारा उतरणार,
गोठलं तर तेही वाया.
मी आकडा सांगितला.
तिने दोनदा श्वास घेतला.
"तुम्ही जरा ऐकून बघता का त्याला?"
आणि मला तोंड उघडू न देता
फोन फ्रिजच्या पाठीला लावला.

घुंऽऽ. टिक्.
काहीच नाही.
पुन्हा घुंऽऽ. टिक्.

तेवीस वर्षं हेच आवाज
एमिल जेवताना तोंडाने काढून दाखवतो,
सूपचा चमचा हवेत धरून.
मला वाटायचं, मी ऐकत नाहीये.

प्लग काढा, मी म्हणाले.
मागचं पत्र्याचं झाकण, चार स्क्रू.
कंप्रेसरच्या कडेला काडेपेटीएवढी काळी डबी असेल,
ओढून काढा, कानाशी हलवा.
बराच वेळ नुसती खुडबुड,
एकदा येशूचं नाव, एकदा भलतंच काही,
मग खुळखुळ.
बाळाच्या खुळखुळ्यासारखी, अगदी स्वच्छ.

मनरो स्ट्रीटवर पार्टचं दुकान आहे, पाचपर्यंत उघडं.
सव्वीस डॉलर पडतील.
तीच डबी दाखवा, नंबर तिच्यावर आहे.

"आणि तुमचे किती झाले?"

आता गप्प राहायची पाळी माझी होती.
तिने वाट पाहिली. घाई केली नाही.
पॅडवर मी आठ काढला, नऊ काढला,
मग त्या नवाला शेपूट लावून
त्याचं मांजर केलं.

एमिल सहाला आला. बूट काढता काढता, किती फोन?
"पाच."
त्याने डिशवॉशरमधून दोन बोल काढले.
दोन वर्षं तो बंद आहे, आम्ही त्यात भांडी निथळत ठेवतो.
पार्ट मागवायचाय, मागवायचाय म्हणतो,
मी एकदा त्याला सांगितलंय,
दारात पाय ठेवायचे किती घेशील?

सूप वाढत होते तेव्हा फोन वाजला.
माझे हात भरलेले, म्हणून त्याने घेतला.
हॅलो म्हणाला. परत हॅलो.
मग गप्प झाला, मान कलती करून,
डोळे मिटून, एवढा वेळ
की सुपावर साय धरली.

"फ्रिज आहे कुणाचातरी," फोन हाताने झाकत म्हणाला,
"छान चाललाय.
तक्रार काय आहे यांची?"