चार पूर्णांक सतरा

बारा मोलरची बाटली. बूच काढलं की तोंडाशी धूर.
हवंय शून्य पूर्णांक एक, पाचशे मिलिलिटर.
दोरनाल मॅडम फळ्यावर दोन बाजू मांडतात :
आम्ल डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच,
वाढतं ते फक्त पाणी.

सोलापुरात हे वाक्य
निम्म्या वर्गाला हसू आणतं.
नळ परवा येऊन गेला, आता शुक्रवारी.
प्रयोगशाळेचा कॅन अक्कलकोट रोडवरच्या
बॅटरीवाल्याकडून उसना आणलाय.

पन्नास भागिले बारा.
चार पूर्णांक सतरा.
एवढंसं?
खोकल्याच्या औषधाचा चमचाही भरणार नाही.

‘आधी पाणी, मग आम्ल, थेंबाथेंबानं.’
सगळ्यांनी वहीत खाली रेघ मारली.
मी नाही मारली.
आमच्या घरी ती अप्पांच्या हातावर आहे,
मनगटापासून कोपरापर्यंत,
डाय हाउसातल्या एका घाईच्या पाळीची.
त्या दिवशी आधी आम्ल होतं,
वरून पाणी.

रात्री वही त्यांच्यासमोर धरली.
तीस वर्षं ते डोळ्यानंच मापतात :
हौदाला दीड मग,
थंडीत जरा हात सैल.
गणित त्यांनी बोटानं ओळ-ओळ वाचलं,
नखातला निळा रंग समीकरणावरून सरकत गेला.
‘सतरा शतांश कोण ओततं गं?’

पिपेट, म्हटलं. काचेची नळी असते.

‘आणि चुकलं तर?’

तर ओतून द्यायचं. पुन्हा करायचं.

अप्पांनी वही मिटली,
बाही खाली ओढली.
‘चांगलंय,’ म्हणाले,
‘पुन्हा असतं तुमच्याकडे.’