मिठाची पेटी

चार बोटं बर्फ, एवढंच.
तेवढ्यावर ससेक्समधल्या खडूच्या टेकडीवर
माझी दुपारची बस आडवी झाली,
आणि मी इंजिन बंद केलं.

रेडिओवाला बंद शाळांची नावं वाचत होता,
मेलेल्यांची वाचावीत तशा आवाजात.

उतारू सात. त्यांतल्या मिसेस पेनफोल्डनी
त्रेसष्टचा हिवाळा काढला,
'दूध गोठून बाटलीबाहेर यायचं,
डोक्यावर चंदेरी टोपी तशीच,'
आणि थर्मासमधला चहा
एकाच झाकणातून सगळ्यांना पाजला.
नऊ वर्षं त्या माझ्या बसने येतात.
आवाज आज ऐकला.

कोपऱ्यावरची पिवळी पेटी उघडली, कौन्सिलची:
आत चिप्सचे कागद, कुणाचा एक हातमोजा,
तळाला दगड झालेलं मीठ.
फावडं मारलं. ठण्ण.
ढेकूळही सुटलं नाही.

मग काय, चालतच उतरलो आठजण,
एकमेकांच्या बाह्या धरून,
पुढच्याच्या पावलात पाऊल.
मिसेस पेनफोल्ड माझ्या दंडाला.
वजन असं काही नव्हतंच त्यांना.

उद्या दुपारपर्यंत सगळ्याचं पाणी होईल.
त्या पास दाखवतील, मी मान हलवीन.
की काही बोलावं?
शोधतोय,
आत्तापासून.