बल्बाआधी

नारायणशेट, दोन्ही कोटेशनं वाचली.
कोल्हापूरच्या माणसाचं अक्षर सुंदर,
पुणेकराची किंमत.
पण एकानंही विचारलं नाही
आपला पडदा किती फुटांचा.

अठ्ठावीस.
सातेरीला शिडीवर चढवून मी स्वतः मोजलाय,
दोन ठिगळं धरून.
त्यावर दोन हजार वॅटचा बल्ब म्हणजे
निरांजनात डबाभर तेल.
हजार पुरे.
उरलेले पैसे खाली जमिनीवर ठेवा,
कोण बघत नाही तिथं,
रेक्टिफायरवर.

दोघंही लिहितात, जुनाच रेक्टिफायर चालेल.
चालेल की. माझा गुडघाही चालतो.
आर्कला खडबडीत करंट चालून जायचा.
कार्बनच तो, जळायलाच आलेला;
फुरफुरला की मूठ फिरवून
दोन टोकं जवळ घ्यायची,
समजूत घातल्यागत.
हा काचेचा बल्ब तसला नव्हे.
याला सपाट डीसी लागतो,
ताटात पाणी ठेवलं तर हलू नये इतका.
लहर राहिली
तर गणपतीला बसवलेला बल्ब
दिवाळी बघायचा नाही.

आणि खानापूरची लाइन तुम्हाला काय सांगू.
तीनच्या खेळाला
तुक्काप्पाच्या सॉ मिलचं पातं सागात शिरलं
की नायिका पिवळी पडते,
पातं बाहेर आलं की बरी होते.
नंदगडहून आलेल्यांना वाटतं
हे गोष्टीतच आहे.
बिल कानडीत येतं,
कल्लाप्पा लाइनमन दोन्ही भाषांत शिव्या घालतो,
व्होल्टेज एकही ऐकत नाही.
रात्री नऊला एकशे सत्तर.
तीन महिने मी वहीत उतरवलंय, खेळागणिक,
मध्ये एक पान भज्यांच्या तेलानं गेलं, तेवढं सोडून.
ही वही त्यांना पाठवा.
म्हणावं, या आकड्यांवर तगेल असं द्या,
तुमच्या कॅटलॉगातल्या गावात
आमचं थेटर नाही.

आणखी एक. लाइट गेली
तरी बल्बाचा पंखा दहा मिनिटं फिरायला हवा,
त्याची सोय वेगळी करा.
आणि हा बल्ब थंड असतानाही
आत दाब धरून बसलेला असतो,
काही माणसं असतात तशी.
चामड्याचे मोजे, तोंडाला जाळी.
सातेरीला हात लावू देऊ नका,
त्याला अजून मिशी फुटायचीय.

*

बसवून पंधरा दिवस झाले.
हजार वॅट. नवा रेक्टिफायर, तीन फेजचा,
पोळ्यातल्या माश्यांसारखा घुमतो
पण आवाज खाली राहतो.
शेट आले, पेटी बघून म्हणाले,
एवढ्या पैशात हिला दिवासुद्धा नाही?
मी म्हटलं, आहे. पडद्यावर.

काल तीनच्या खेळाला
पातं सागात शिरलं. भिंतीतून कळतंच.
मी अँमीटर बघितला:
काटा पन्नासवर,
शाळेत पट्टी खाल्लेल्या पोरासारखा गप्प.
नायिका गोरीच राहिली.
पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं,
"आज ही पिवळी पडंना गा!"
सगळं थेटर हसलं,
तिच्या रडण्याच्या प्रसंगाला.

कार्बनचा अर्धा खोका बाकड्याखाली आहे.
थोटकांवरचं तांबं सोलून
सातेरी अंगठ्या वळतो,
कुणासाठी ते सांगत नाही.

चांगलं झालं. मीच निवडलं.
डोळ्यांची आगही थांबली.
फक्त दर दोन मिनिटांनी
माझा उजवा हात उठतो
आणि मूठ होती तिथं जातो.
तिथं आता गुळगुळीत पत्रा आहे.
कोमट.